भुरीच्या पोटातल्या गोळ्या

"भुरे, सांग त्याहिले, आता हात लावू नोका म्हणा," बायनाबाई म्हशीच्या कानाशी म्हणाली.

"भुरे, सांग तिले, म्हैस तिच्या बापानं आंदणात नाई देल्ली," गोठ्याच्या दारातून लटारू म्हणाला.

भुरीनं दोघांचंही ऐकून घेतलं आणि कोणाचंच कोणाला सांगितलं नाही.

लटारू बायनाबाईचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्याशी बाईनं तोंड उघडायचं नाही, ही रीत. पण भांडायचं नाही, असं काही रीतीत म्हटलेलं नाही. त्यामुळं लग्न झाल्यापासून दोघं एकमेकांना जे काही बोलले ते म्हशीच्या मार्फत. घर वाटलं, धानाच्या बांध्या वाटल्या, मोहाचं झाडसुद्धा फांद्या पाहून वाटलं. भुरी तेवढी सामायिक राहिली. नवरा झिंगू भावापुढं आणि बायकोपुढं सारखाच गप्प असायचा. तोंड उघडलं तर आपलीही वाटणी होईल, अशी त्याला भीती होती.

या खेपेस भुरी व्याली आणि जार, म्हणजे रेडकामागून पडायची वार, आतच अडकली. जार अडकली की दवाखान्याकडं बघायचं नसतं, लटारूला बोलवायचं असतं. आसपासच्या गावांत त्याच्या हाताचं नाव होतं. कोपरापर्यंत जवसाचं तेल चोपडायचं, डोळे मिटायचे, हात आत घालायचा आणि ओढायचं. जनावर वाचलं तर लटारूचा हात, मेलं तर जनावराचं नशीब, आणि कोंबडा दोन्ही वेळा लटारूचा. घरच्या म्हशीवर कोंबडा मिळणार नव्हता, म्हणून असेल, त्यानं घाईनं हिसका दिला. अर्धी जार हातात आली, अर्धी आत राहिली.

आत राहिलेली कुजली. कार्तिकाचं ऊन, कापणीला आलेलं पिवळं धान, आणि गोठ्यातून असा वास, की वाटसरू नाक धरून बांधावरनं पळायचे. भुरीनं वैरण सोडली, दूध आटलं.

"भुरे, तुही पिशवी सडली," लटारूनं निकाल दिला. "आता तू गाभण राहत नाई. येत्या बाजारी तुले चामोर्शीले नेतो."

वांझ, नासलेली म्हैस बाजारातून कुठं जाते, हे बायनाबाईला ठाऊक होतं. घरात दुसरं दुभतं नव्हतं. तिचं लेकरू आणि भुरीचं रेडकू, दोघंही भुरीच्याच जिवावर होती. ती पदर खोचून चामोर्शीला गेली आणि ढोरडॉक्टरलाच घेऊन आली.

डॉक्टर राजदूत फटफटीवरून उतरला. हातमोजा चढवून त्यानं म्हैस तपासली आणि जमलेल्या लोकांसमोर विचारलं, "ही जार कोणत्या अनाडी माणसानं तोडली?"

लोकांनी लटारूकडं पाहिलं. लटारूनं आभाळाकडं पाहिलं.

डॉक्टरनं साबणाच्या चिपेएवढ्या लांबट गोळ्या काढल्या आणि एकेक करून थेट म्हशीच्या पिशवीत नेऊन ठेवल्या. "ह्या आत हळूहळू विरघळतील," तो बायनाबाईला म्हणाला. "औषध जिथं पू आहे तिथंच पाझरत राहील. फेस येईल, पिवळं पाणी जाईल, भिऊ नका. फक्त आत कोणी हात घालायचा नाही. मी परवा येतो."

फटफटीचा आवाज लांब गेला तशी लटारूला वाचा फुटली.

"भुरे, औषध तोंडानं घेतेत का नाई? हा डाक्टर उलट्या दारानं घालून राह्यला. आन घालून तसंच ठेवलं, धानाच्या कोठीत कडूलिंबाचा पाला ठेवते तसं."

"भुरे, सांग त्याहिले, त्या पाल्यानं कोठीतले किडे मरतेत ना? मंग?"

दुसऱ्या दिवशी बायनाबाई कापणीला गेली. मन लागेना, म्हणून दुपारच्या आधीच विळा घेऊन परतली. तर लटारू न्हाणीच्या दगडापाशी बसून राखेनं हात घासत होता. हात कोपरापर्यंत पिवळाजर्द. राख संपत आली होती, रंग तसाच होता. भुरीच्या शेपटीखालून पिवळा फेस गळत होता.

बायनाबाईनं आधी डोक्यावर पदर घेतला. मग जन्मात पहिल्यांदा भासऱ्याला सरळ विचारलं,

"काढल्या?"

लटारूनं म्हशीकडं मान वळवली. "भुरे, सांग तिले..."

"भुरीले कायले? मले सांगा."

लटारू गडबडला. म्हैस मधे नसली की नेमकं काय बोलावं, याची त्याला सवय नव्हती.

"काढाले राह्यलंच काय होतं? पीठ झालं त्याचं. नुसतं हातालेच लागलं."

"मंग जागीच हाय औषध. बरं झालं."

"कोणाले सांगशील तर पाहून घेईन."

"मी कायले सांगू? हातच सांगून राह्यला. जा ना कापणीवर, दाखवा समद्याहिले."

लटारूनं हात पाठीमागं घेतला.

"मी म्हणीन, भासऱ्यानं हळद भरली," बायनाबाई म्हणाली. "भुरी बरी झाली तर नाव तुमचंच. पण भुरी बाजारात जात नाई. आन तिच्या मागं हा हात पुन्हा दिसला नाई पायजे."

"आन मी नाई आयकलं तर?"

"तर उद्या डाक्टर येतेच. त्यालेच इचारू, हा रंग कायचा."

लटारू बराच वेळ हात घासत राहिला. मग उरलेली राख टाकून निघून गेला.

डॉक्टर ठरल्या दिवशी येऊन गेला. वास कमी झाला, भुरी वैरणीला लागली, दूध पुन्हा आलं. पारावर लटारूनं हळदीचा इलाज रंगवून सांगितला. बायनाबाईनं पाणी भरता भरता मान डोलावली. गावानं कोंबडा दिला. पुढं भुरी माजावर आली आणि गाभणही राहिली. लटारूच्या हातानं म्हैस गाभण राहिली, असं दोघं-तिघं कौतुकानं बोलू लागले, तेव्हा मात्र लटारूनंच त्यांना आवरलं.

उन्हाळ्याच्या तोंडी तो बायनाबाईच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"तो डाक्टर कोणत्या दिवशी येते?"

"काऊन?"

"माह्या गाईची जार अडकली."

"तुमचा हात कुठी गेला?"

"हळू बोल. लोक आयकतीन."

बायनाबाईनं शेण थापायचं काम तसंच चालू ठेवलं. त्याला उभंच ठेवलं. मग म्हणाली, "तुमच्या भावाले धाडतो बलवाले. शेपूट तुम्ही धरजा."

लटारू जाईना. "पण गावाले काय सांगू? डाक्टर माह्या गोठ्यात कायले आला म्हणून?"

"सांगा, तुमच्या हाताखाली शिकाले आला."

लटारूनं तसंच सांगितलं, आणि गावाला ते पटलं.