दाब, धर, सोड

फुकटच्या सर्व्हिसिंग संपल्यावर सुरेंद्र सबनीसांनी मोटारसायकल एकदाच पैसे मोजून शोरूमला दिली आणि त्या बिलाचा राग पुढे कितीतरी वर्षं जपला. ऑइल आणि फिल्टरबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण 'कन्झ्युमेबल्स' म्हणजे काय, असं विचारल्यावर काउंटरवरचा माणूस 'कापड, ग्रीस वगैरे' असं म्हणाला, तेव्हा त्यांचं डोकं फिरलं. सबनीस चाकणच्या एका कंपनीत परचेसला. दिवसभर सप्लायरच्या मानेवर बसून भाव पाडायचे आणि रविवारी स्वतःची मान दुसऱ्याच्या हाती द्यायची, हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं.

तेव्हापासून दसऱ्याच्या आदल्या रविवारी मोशीतल्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये घरचं वर्कशॉप लागायचं. चोवीसशेचं काम आठशेत. हा हिशोब लिफ्टमध्ये जो सापडेल त्याला ऐकावा लागे. त्या हिशोबात एक गोष्ट ते कधी धरत नसत, ती म्हणजे पद्मजाची मजुरी.

पद्मजा त्यांची बायको. ऑइल बदलणं, चेन धुणं, फिल्टर झटकणं ही एकट्याची कामं. ब्रेकमधलं ऑइल बदलायला मात्र त्यांच्या पद्धतीत दोन माणसं लागायची. एकाने हँडलवरचा ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने खाली चाकापाशी बसून बारीक नट सैल करायचा, जुनं ऑइल आणि हवा बाहेर जाऊ द्यायची, नट आवळायचा आणि मगच वरच्याने ब्रेक सोडायचा. घाई केली की हवा पुन्हा आत. "दाब. धर. सोड." पद्मजा प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून इमानेइतबारे दाबायची, धरायची, सोडायची आणि मधल्या वेळात बोलायची. बहिणीचं, गुडघ्याचं, वरच्या मजल्यावरच्या भांडणाचं. सबनीस खालून 'हं' म्हणायचे. तेवढा तास सोडला तर त्या दोघांनी एका जागी बसून बोलावं असं वर्षभरात काही उरलं नव्हतं, पण हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर पद्मजा हैदराबादला मुलाकडे गेली. सून निवेदिता अर्धवेळ नोकरीवर परतणार होती, नात अंगावरची होती. तीन महिन्यांचं ठरलं होतं, आता वर्ष होत आलं.

गुरुवारी मुलाचा, केयूरचा फोन आला. "बाबा, इथे एका पाळणाघरात जागा मिळतेय. आईचं दसऱ्याचं तिकीट काढू का? की राहू दे तिला एप्रिलपर्यंत? पुढची जागा तेव्हाच निघेल."

काढ म्हणायचं सबनीसांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तीस वर्षं परचेसला काढलेल्या माणसाची जीभ अशी सरळ वळत नाही. माल कितीही हवा असला तरी समोरच्याला ते दिसू द्यायचं नाही, गरज दिसली की भाव चढला, हे त्यांच्या हाडीमासी भिनलं होतं. आता पोटच्या पोराशी कसला आलाय भाव. पण सवय ती सवय.

"राहू दे की," ते म्हणाले. "माझं काय अडतंय इथे?"

"नक्की ना?"

"अरे, मस्त चाललंय माझं."

फोन ठेवून त्यांनी सकाळची उसळ गरम केली आणि टीव्हीसमोर बसून खाल्ली. मस्त वगैरे काही चाललं नव्हतं.

रविवारी त्यांनी जुनी बनियन चढवली, हत्यारं खाली नेली. ऑइल झालं, फिल्टर झाला, चेन लखलखीत झाली. मग ब्रेकची पाळी आली. डाव्या हाताने ब्रेक दाबायचा आणि उजव्याने खाली पाना फिरवायचा, असा त्यांनी बेत केला. हात पुरत होता, पण पाना सटकत होता. मग त्यांनी ब्रेक दोरीने आवळून बांधून पाहिला. दोरी सोड-बांध करण्याच्या नादात हँडलवरच्या डबीतलं ब्रेकचं ऑइल कधी संपलं ते कळलंच नाही. सगळीकडे हवा भरली. ब्रेक दाबला की हँडलला जाऊन टेकायचा आणि चाक खुशाल फिरत राहायचं.

ते गेटवर गेले. भैरू वॉचमन खुर्चीत बसला होता.

"भैरू, दहा मिनिटं येतोस का? ब्रेक दाबून धरायचाय नुसता."

"आलो असतो साहेब, पण गेट सोडलं की शेक्रेटरी लगेच क्यामेऱ्यात बगतेत. मागच्या खेपेला पगार कापला माजा."

तेवढ्यात तळमजल्यावरचा सुजित बायकोपोरांना घेऊन गाडीत बसत होता. सबनीसांच्या काळ्या हातांकडे बघून तो आपुलकीने म्हणाला, "काका, कशाला त्रास घेता? शोरूमला द्या ना. घरून घेऊन जातात हल्ली."

"हो हो, बघतो," सबनीस म्हणाले. दहा मिनिटं थांब, एवढं काही त्यांना म्हणता आलं नाही. गाडी गेली. सोसायटीत दोनशे फ्लॅट होते. कुणाची बेल वाजवावी, असा ते पार्किंगमध्ये उभ्या उभ्या विचार करू लागले. आठशेचा हिशोब ऐकवायला त्यांना इतकी माणसं सापडायची, पण बेल वाजवावी असं त्यातलं एकही घर आठवेना. शुक्रवारी कंपनीतून सुटल्यापासून आपण कुणाशी धड चार वाक्यंही बोललेलो नाही, हेही तेव्हाच लक्षात आलं आणि त्यांना फार एकटं वाटलं. रिकाम्या स्टुलाकडे बघवेना, म्हणून त्यांनी ते उचलून घरात नेलं.

सोमवारी रजा टाकून, नुसत्या मागच्या ब्रेकवर, कडेकडेने गाडी चालवत ते कासारवाडीच्या शोरूमला गेले. दसऱ्यामुळे ही गर्दी होती. काउंटरवरच्या मोनिका नावाच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं.

"बाकी सर्व्हिसिंग तुम्ही घरी केलंय, म्हणजे फक्त ब्रेक ऑइल आणि लेबर. साडेपाचशेपर्यंत जाईल, सर."

ती पुढच्या हुज्जतीच्या तयारीतच होती. सबनीस फक्त "करा" म्हणाले आणि काचेपलीकडचं वर्कशॉप दिसेल अशा बाकावर जाऊन बसले.

त्यांची गाडी एका माणसाने घेतली. आता हा कुणाला तरी हाक मारेल, म्हणून सबनीस बघत राहिले. त्याने कुणालाच हाक मारली नाही. हातात मावेल असा एक पंप आणला, त्याची नळी चाकापाशी जोडली आणि बसल्या जागी पंप दाबत हवा आणि ऑइल खालूनच ओढून घेतलं. मधूनमधून उठून वरच्या डबीत नवीन ऑइल ओतलं. वरचा ब्रेक कुणी दाबून धरावा लागला नाही. काम हां हां म्हणता उरकलं आणि त्याने पुढची गाडी ओढली.

सबनीसांनी लगेच मोबाइलवर तो पंप शोधला. हजाराच्या आत मिळत होता. दोन सर्व्हिसिंगमध्ये पैसे वसूल, हे त्यांच्यातल्या परचेसवाल्याने आपणहून सांगितलं. त्यांनी पत्ता भरला. पैसे भरायचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं. हा पंप घरी आला की खरोखरच आपलं कुणावाचून काही अडणार नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी ते बंद केलं आणि पद्मजाला फोन लावला.

"अहो, आज कामावर नाही?" ती म्हणाली. "बरं वाटत नाहीये का?"

"शोरूममध्ये आलोय. ब्रेकचं काम होतं."

"शोरूममध्ये? तुम्ही?" ती हसली. "एकट्याला जमलं नाही वाटतं."

"नाही जमलं," ते म्हणाले. "तू ये."

"ब्रेक दाबायला?"

"ब्रेक झाला. इथे एकट्या माणसाने केला, पंपाने. हजार रुपयाला मिळतो तो पंप. आता त्यासाठी कुणी लागत नाही."

"मग?"

"मग काही नाही. तरी ये. घरात करमत नाही मला."

पलीकडे नातीचं काहीतरी बडबडणं ऐकू येत होतं.

"गुरुवारी केयूरने फोन केला ना," पद्मजा म्हणाली, "तो मीच करायला लावला होता. शेजारीच बसले होते मी. फोन स्पीकरवर होता."

सबनीसांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बॅग अर्धी भरली होती हो. तुमचं मस्त चाललंय म्हटल्यावर रिकामी केली. शनिवारी पाळणाघराला नाही म्हणून कळवलं, ती जागा दुसऱ्यांनी घेतली. निवेदिताने आजपासून दिवसभराचं काम घेतलंय, माझ्या भरवशावर. आता मी कशी उठून येऊ?"

"मी सहज बोलून गेलो गं."

"सहज नाही. तुम्ही नेहमी असंच बोलता. मला वाटायचं, खरंच असेल."

काउंटरवरून मोनिकाने सबनीसांचं नाव पुकारलं. ते उठले नाहीत.

"एप्रिलमध्ये येते," पद्मजा म्हणाली. "तोवर कळ काढा. आणि यापुढे असलं काही केयूरला सांगू नका. मला सांगा."

सबनीस बरं म्हणाले. मग नात रडायला लागली, आणि पद्मजाला फोन ठेवावा लागला.