डॉक्टरांच्या मोटारीतले टाके

मिस्त्रींचा आपल्या मेहुण्यावर कधीच भरवसा नव्हता. बायकोचा धाकटा भाऊ म्हणून आपल्या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात घेतलेला. काम चोख, पण बोलणं कमी. आणि कमी बोलणाऱ्याच्या पोटात काय काय शिजतं हे आपल्याला बरोबर कळतं, असा मिस्त्रींचा समज होता.

मोटारी यायच्या आधी मिस्त्री घोड्यांची खोगिरं शिवत. डॉक्टरांच्या नव्या मोटारीत ठिणगीच्या चार तारा इंजिनावर अस्ताव्यस्त लोंबताना पाहून त्यांचा जीव खालीवर झाला. त्यांनी चारही तारा एकत्र आवळल्या, वर चामड्याची खोळ चढवली आणि मेणाच्या दोऱ्यानं शिवून टाकली. येईल त्याला ते कौतुकानं बॉनेट उघडून दाखवत.

मोटार मात्र आचके देऊ लागली. एकदा तर भरचौकात बंद पडली. रात्री ती कारखान्यातच असे. आणि एका सकाळी मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, तर खोळ उसवलेली, तारा एकमेकींपासून दूर केलेल्या! त्यांनी पुन्हा शिवली. चार दिवसांनी पुन्हा तेच.

"तुझ्याच भावाचे धंदे," ते बायकोला म्हणाले.

"तो असं करणार नाही हो."

"आज टाके कापतोय, उद्या माझं नाक कापेल."

तिसऱ्यांदा खोळ शिवून त्यांनी गाठीवर लाख ओतली, त्यावर अंगठा दाबला आणि मेहुण्याला बजावलं, "ही लाख फुटलेली दिसली, तर या घरात तुला जागा नाही." मेहुणा बराच वेळ खोळीकडे बघत राहिला. कुठून फोडायची ते हेरतोय लेकाचा, मिस्त्रींनी ताडलं. म्हणून दुसऱ्या दिवशी, तो कामावर यायच्या आतच त्यांनी गाडी डॉक्टरांकडे पोचवली.

दुपारी डॉक्टर घामाघूम होऊन पायीच आले. "बंद पडली चौकात! तुमचा मेहुणा हात लावतो तेव्हाच काय ती धड चालते!"

मिस्त्री धावले. मागून हत्यारांची पेटी घेऊन मेहुणा. बॉनेट उघडलं. लाख शाबूत होती, अंगठ्याच्या रेषांसकट. म्हणजे मेहुण्यानं हात लावलाच नव्हता, तरी गाडी बंद.

"काप," ते म्हणाले.

मेहुण्यानं टाके कापले, तारा बोटभर अंतरानं लाकडी खुंट्यांवरून नेल्या आणि हँडल मारलं. इंजिन एकदाही न अडखळता चालू लागलं.

"तारा चिकटल्या की एकीची ठिणगी दुसरीत उतरते," तो म्हणाला. "मग भलताच सिलिंडर भलत्या वेळी पेटतो. त्यात चामडं तेल पितं."

"मग बोलला का नाहीस?"

"पहिल्याच दिवशी बोललो होतो, दाजी. तुम्ही म्हणालात, आधी एक खोगीर शिवून दाखव."

म्हणाले होते खरे. मिस्त्रींना शरमेनं मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं. आजपासून तारांचं काम तुझं."

मेहुणा हात पुसत होता. "ट्रंक भरून ठेवलीय मी. डॉक्टर पेशंटकडे जाणार, गाडी अडायला नको, म्हणून आज लाख फोडणारच होतो. गाडी तुम्ही लवकर नेलीत."

"आता कशाला जातोस?"

"उद्या मी बॉनेट उघडलं, की तुम्ही माझ्या हातांकडे बघाल. मला नाही जमायचं ते. ताईला तुम्हीच सांगा."

तो पेटी खाली ठेवून निघाला. मिस्त्रींनी कापलेली खोळ उचलली; गाठीवरची लाख अजून शाबूत होती.