नळीतून आलेला ‘ने’

मित्रांनो, मी एक जुनी बोलनळी आहे. पितळेची, मनगटाएवढी जाड. टॉर्पेडो बोटीवर कप्तान उभा राहायचा तिथे माझं एक तोंड होतं आणि दुसरं खाली इंजिनखोलीत. एकाने ओठ लावून बोलायचं, दुसऱ्याने कान लावून ऐकायचं, मग उलट. मला डोळे नाहीत. समुद्रावर दोन महायुद्धं झाली, त्यातलं मी काहीच पाहिलेलं नाही, सगळं ऐकलेलं. ज्याला नुसतं ऐकू येतं त्याच्या जिवाला स्वस्थता कुठली?

माझा जन्म आजच्या क्रोएशियातल्या रिएका बंदराच्या गोदीत झाला. ज्या कारागिराने मला वाकवलं, त्याने एका टोकाला हळूच आपल्या बायकोचं नाव घेतलं. दुसऱ्या टोकाच्या सोबत्याने ते मोठ्याने म्हणून दाखवलं. सगळी गोदी हसली आणि मी पास झाले.

पहिल्या युद्धात आमची बोट बादशहाची होती आणि त्याच्या राज्यात नाना भाषा. हुकूम जर्मनमध्ये, उत्तरं क्रोएशियनमध्ये, शिव्या हंगेरियनमध्ये. मला त्याचं काय? मी शब्द जसाच्या तसा पोचवायची आणि सगळे माझं कौतुक करायचे. फ्राने नावाचा इंजिनवाला म्हणायचा, “ही नळी बरी. शेजारणीसारखी पदरचं काही घालत नाही.” हे ऐकून मी फुगायची. तेव्हा मला वाटायचं, जसंच्या तसं पोचवलं की आपलं काम संपलं.

बादशहा गेला, झेंडा बदलला. मधल्या शांततेच्या वर्षांत कुणी मला विचारेना. एका रंगाऱ्याने तर माझं तोंड न झाकताच वरून रंग फासला. तो कितीतरी दिवस माझ्या घशात टोचत होता. फ्रानेचे केस पिकले म्हणे, आणि सगळे त्याला बार्बा, म्हणजे काका, म्हणू लागले.

मग दुसरं युद्ध आलं. आमचा देश बघता बघता पडला. बोट शत्रूच्या हवाली करायची नाही म्हणून कप्तान निक्शाने ती दक्षिणेला पळवली. वाटेत एका भट्टीवाल्याने काढता पाय घेतला, तेव्हा ग्रीक बेटावरून आम्ही अर्गिरिसला घेतलं. कामाला वाघ, पण आमची भाषा त्याला जेमतेम कळायची आणि बोलता तर मुळीच येत नसे.

आता गंमत ऐका. आमच्या भाषेत ‘ने’ म्हणजे नाही. तुमच्या ‘नाही’ची सख्खी बहीणच ती. पण ग्रीक माणसाचा ‘ने’ म्हणजे हो! दुये आचारी माशाचं सूप घेऊन खाली यायचा आणि आणखी वाढू का म्हणून विचारायचा. अर्गिरिस वाडगा पुढे करून “ने” म्हणायचा, आणि दुयेची पळी पुढच्या माणसाकडे जायची. बिचारा अर्धपोटी उठायचा. या ग्रीकाला वारा खाऊन जगायची सवय दिसते, असं दुये सगळ्यांना सांगत सुटला. अखेर बार्बानेच उलगडा केला. “अरे गाढवा, तो हो म्हणतोय. वाढ त्याला.” इंजिनखोली पोट धरधरून हसली. पण कप्तान वर जेवायचा. ती गंमत त्याच्या कानावर गेलीच नाही.

पुढे एका भर दुपारी विमानं आली. बॉम्ब बोटीला चाटून पाण्यात फुटला, बॉयलरखोलीत तेलाची नळी तुटली आणि आग लागली. अशा वेळी वरचं झाकण घट्ट लावून खोलीत वाफ सोडतात. आग विझते, पण आत माणूस असेल तर तोही जातो. उशीरही करता येत नाही, कारण शेजारीच दारूगोळा. बार्बा तेलाच्या झडपेचं चाक बंद करायला त्या खोलीत शिरला होता. इंजिनखोलीत माझ्यापाशी एकटा अर्गिरिस उरला होता.

कप्तानाने ओठ लावले. त्याचा श्वास गरम होता.

“बॉयलरखोलीत कोणी आहे का?”

“ने! ने!”

कप्तान माझ्यापासून वळून ओरडला. “कोणी नाही. झाकण लावा, वाफ सोडा.”

मित्रांनो, माझ्या जिवाची नुसती तगमग झाली. शब्द मी जसाच्या तसा पोचवला होता आणि तोच आता बार्बाचा जीव घेणार होता. त्या क्षणी मला वाटलं, आपण फुटावं, वाकडं व्हावं, खोटं बोलावं. अर्गिरिस खालून ओरडतच होता, “ने, ने, बार्बा!” पण कप्तानाचा कान माझ्यापासून केव्हाच दूर गेला होता.

लढाईत आचाऱ्याला गोळ्यांच्या पेट्या उचलाव्या लागतात. पेटी घेऊन दुये माझ्या तोंडाशी आला आणि थबकला.

“कप्तान, खाली कोण बोलतंय?”

“तो ग्रीक. कोणी नाही म्हणतोय.”

“नाही नव्हे, हो म्हणतोय तो. अहो, याच शब्दापायी मी त्याला उपाशी ठेवला होता.”

मग त्याची आरोळी मी वरूनही ऐकली आणि खालूनही. “वाफ थांबवा! झाकण उघडा!”

नंतर माझ्याशी कोणीच बोलेना. धावपळ, खोकला, लोखंडाचा खणखणाट, आणि मी आपली दोन्ही तोंडं उघडी टाकून ताटकळत. पुष्कळ वेळाने खालून कण्हणं आलं. तो आवाज बार्बाचा होता. मला रडता येत असतं तर मी रडले असते. चाक त्याने बंद केलं होतं; तेल थांबलं तशी आग आपसूक विझली. पण त्याचे दोन्ही हात भाजले होते.

बंदराला लागलो, तेव्हा कप्तान माझ्यातूनच त्याच्याशी बोलला. समोर जायला त्याला धीर झाला नसावा.

“बार्बा, मी विचारलं होतं हो.”

“विचारलंस रे पोरा,” बार्बा म्हणाला. “ऐकायला थांबला नाहीस.”

आता मी एका बंदरगावच्या संग्रहालयात आहे. तुमच्यासारखी मुलं येतात, मला तोंड लावून आपलं नाव ओरडतात आणि हसत पळून जातात. माझं दुसरं तोंड पलीकडच्या खोलीत आहे. तिथे कधी एखादी चिमुरडी उभी असते. ती हळूच विचारते, “कोण आहे?” मी तिचा प्रश्न इकडे आणते, तर इथे कोणीच नसतं.

मला घासूनपुसून लखलखीत नाही केलंत तरी माझं काही म्हणणं नाही. खुशाल ओरडा. पण ओरडून झालं की त्याच तोंडाला कान लावा आणि जरा थांबा, मित्रांनो. पलीकडचं माणूस अजून बोलत असतं.