मेंढवाड्यात टांगलेलं समुद्राचं धुराडं

"दिसतोय कोळशावानी, अन् भिजला की सडक्या अंड्याचा वास! देवाशेजारी ठिवायची वस्तू हाय का ही?" सुगंधाबाई पुटपुटत होत्या. तोंड माझ्याकडं होतं, राग मात्र माझ्यावर नव्हता.

मित्रांनो, मी कोळसा नाही. समुद्राच्या तळावरच्या एका विझलेल्या धुराड्याचा मी जुना तुकडा. सध्या मुक्काम हर्सूल, मल्हाररावांचं घर.

माझा जन्म काळोखातला. तिथं ऊन पोचत नाही. समुद्राचं गार पाणी तळाच्या भेगांतून हळूहळू खाली झिरपतं आणि धगधगत्या खडकापाशी जातं. तापतं म्हणजे इतकं तापतं! पण वरच्या समुद्राचा भारच एवढा, की त्याला उकळी फुटू देत नाही. मग पाणी आणि खडक देवघेव करतात. नद्यांनी आणून ओतलेलं मॅग्नेशियम खडक ठेवून घेतो. लोखंड, तांबं, जस्त पाण्याच्या ओटीत घालतो. ते पाणी उसळून वर येतं आणि गारव्याला भेटताच काजळीसारखं काळं होतं. त्या काजळीच्या थरावर थर बसून मी उभा राहिलो.

थोडी काजळी लांब लांब वाहत जायची. तिच्यातल्या लोखंडाच्या कणांवर कुठल्याशा दूरच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी हिरवी रोपटी जगायची. लाखो वर्षांत सगळा समुद्र कधी ना कधी आमच्या चुलीतून जाऊन येतो. जातो तसा परत येत नाही. पण येतो समुद्रातच. आणि त्याच्या येण्यानं समुद्रही पहिल्यासारखा राहत नाही. एवढी एकच गोष्ट मला नीट समजली आहे.

पुढं भेग बुजली, मी विझलो. किती काळ तसाच पडून होतो कुणास ठाऊक. मग एक लोखंडी हात खाली आला आणि जहाजावर एका मुलीनं मला तळहातावर घेतलं. ती अक्षदा, मल्हारराव आणि सुगंधाबाईंची लेक. मेंढरांमागं वाढलेली, आता समुद्राचं पाणी तपासणारी. तपासणीतून उरलेला मी, तिच्यासोबत घरी आलो.

आल्यापासून तिची बॅग अर्धीच उघडलेली. पुढची सफर लांबची, हे तिघांनाही ठाऊक होतं. मल्हाररावांचे गुडघे टेकडी चढत नाहीत, हेही ठाऊक होतं. त्यावर कुणी बोलत नव्हतं. तिघंही बोलायची ती माझ्याबद्दल.

यात लोखंड, तांबं, जस्त आहे, असं अक्षदानं हौसेनं सांगितलं होतं. मेंढरांना चाटायला जी क्षारांची वीट टांगतात, तिच्याबद्दल ढोरांचे डॉक्टर हीच नावं घेतात. झालं! मल्हाररावांनी सकाळी मला सुतळीनं बांधून मेंढवाड्यात टांगलं. एक काळी मेंढी जीभ काढून पुढं आली.

"आबा, वढा तिला! एवढं तांबं मेंढराला बाधतं, मरंल ती!" अक्षदा अनवाणी धावत आली. मल्हारराव उठायला गेले आणि गुडघा धरून लेंड्यांतच बसले. मेंढीला अक्षदानंच मागं ढकललं.

"चाटलं का गं?" त्यांनी बसल्याबसल्याच विचारलं.

"नाय. वासानंच शिंकली."

"म्या म्हनलं व्हतं ना, वास!" सुगंधाबाई दारातून हसल्या. "मेंढराला कळलं, धन्याला नाय."

सगळेच हसले. मग हसू विरलं.

मित्रांनो, लांबून आणलेली वस्तू जपा, धूळ पुसा. पण तिच्याआड कुणाचं बोलणं अडकलंय का, तेही कधीतरी बघा.

"तुझी वस्तू कळपाच्या कामाला यावी, असं वाटलं," मल्हारराव म्हणाले.

"आबा, मी ऱ्हाते हितंच. सफर सोडते."

त्यांनी सुतळी सोडली, मला धोतराला पुसलं आणि तिच्या हातात दिलं.

"माझ्यानं आता मेंढरं व्हत नाईत, अक्षे. कळप देऊन टाकू. तू जा. कशी बी बदलून ये, पर हितं ये."