तोफ, दीपगृह आणि काजूची बोंडं

त्या दिवशी सकाळपासूनच ऊन तापलं होतं. वारा पडलेला. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निपचित, नारळाची एक झावळी हलेल तर शपथ. चार दिवस अशीच हवा होती. अशा हवेत झाडाखाली पडलेलं फळ आंबतं. हे मला कळायला हवं होतं.

मी गाढव बोलतोय. हसायचं असेल तर हसून घ्या, मी थांबतो. थांबणं हेच तर माझं काम.

माझा जन्म वीटभट्टीवरचा. आईने विटा वाहिल्या, मीही वाहिल्या. भट्टी बंद पडली तेव्हा ह्या बेटावरच्या एका वाटाड्याने मला होडीतून इकडे आणलं. होडीत मी इतका ओरडलो की नावाड्याने कानात बोळे घातले. वाटाड्या मात्र माझ्या मानेवर हात ठेवून, पुढे काय काय बघायला मिळेल ते मला सांगत राहिला. गाढवाला असं कुणी सांगतं का? तेव्हापासून तो माझा धनी. बारा वर्षं झाली.

काम सोपं. पाहुण्यांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, पायांतून काढलेल्या चपला, सगळं माझ्या पाठीवर. वाट सपाट, म्हाताऱ्यांनाही झेपणारी. आधी जुनी तोफ, मग दीपगृह, शेवटी वाळूत रुतलेलं जहाज. प्रत्येक ठिकाणी मी थांबायचं, धन्याने गोष्ट सांगायची, पाहुण्यांनी फोटो काढायचे. माणसांची एक गंमत बघितली मी. एवढ्या लांबून समुद्र बघायला येतात आणि त्याच्याकडेच पाठ करून उभी राहतात.

तीन वर्षांपूर्वी धन्याची नजर गेली. एकदम नाही, हळूहळू, दिव्यातलं तेल संपावं तशी. मग तो माझ्या पाठीवर हात ठेवून चालू लागला. मी थांबलो की त्याला कळायचं कुठे आलो ते, आणि तो ऐटीत हात करून दाखवायचा. हे फक्त दोघांना ठाऊक, त्याला आणि मला. मी कुणाला सांगणार?

त्या सकाळी पाहुण्यांबरोबर त्यांच्या हॉटेलचे मॅनेजरही आले. म्हणाले, "काका, आज मीपण येतो. मालक बॅटरीची गाडी आणायची म्हणतायत. सगळी माहिती तीच बोलते. आजची फेरी चांगली झाली तर तुम्हाला ठेवू. नाहीतर ही शेवटची."

"या की!" धनी म्हणाला. पण माझ्या पाठीवरची दोरी त्याने उगाच पुन्हा आवळली. घरात त्याच्याशी बोलायला दुसरं कोणी नव्हतं. फेरी गेली तर त्याने गोष्टी सांगायच्या कुणाला?

आणि अशा वेळी मी काय केलं? त्यांचं बोलणं होईपर्यंत कुंपणाजवळच्या काजूखालची आंबलेली बोंडं खाल्ली. सगळी.

आहाहा! आधी कान हलके झाले. मग पाय चाराचे सहा झाले. झाडं मुरके मारायला लागली. मला नाचावंसं वाटलं, आणि बहुतेक मी नाचलोही. खूप लांब चालून आलो असं वाटत होतं; खरं तर शेजारणीच्या घराला नुसत्या चकरा घालत होतो. तिच्या कोंबड्यांच्या खुराड्यापाशी मला तोफ दिसली. शप्पथ सांगतो, तोफच! मी थांबलो.

धन्याने हात केला. "ही बघा आमची तोफ! हिने तीन जहाजं बुडवली. घाला हात आत, घाबरू नका. अजून एक गोळा आहे."

एका आजोबांनी हात घातला आणि अंडं बाहेर काढलं.

"अहो, गोळा अजून गरम आहे की!"

लोक असे हसले की कोंबड्या छपरावर जाऊन बसल्या. धन्याला वाटलं, आज पाहुणे भलतेच खूश! मीपण खूश. आणखी एक चक्कर मारली तर समोर दीपगृह. उंच, पांढरंशुभ्र. मी थांबलो.

"हे दीपगृह," धनी रंगात येऊन म्हणाला. "शंभरी उलटलीय. पोपडे निघालेत, थोडं कललंयही. पण बुंधा बघा कसा रुंद!"

"कुणाचा बुंधा हो, भावजी?" दीपगृह कडाडलं.

ती आमची शेजारीण होती. स्टुलावर उभी राहून, चादर डोक्यावरून टाकून वाळत घालत होती.

आता तर लोक पोट धरून खालीच बसले. धन्याचा हात माझ्या पाठीवरून सरकत कपाळावर आला. मला वाटलं, बसणार आता रट्टा. पण तो चाचपत होता. मला ताप तर नाही ना, हे बघत होता. माझी सगळी धुंदी तिथेच उतरली.

मॅनेजरांनी त्याच्या डोळ्यांपुढे हात हलवला. "काका, तुम्हाला दिसत नाही."

"उजेड कळतो."

"मग इतके दिवस कसं काय?"

"ह्याला दिसतं ना," धनी म्हणाला.

"असं कसं चालेल? माणसं घेऊन जाता तुम्ही." मॅनेजर वाईट नव्हते, खरं तेच बोलत होते.

आजोबांच्या हातात अंडं तसंच होतं. "तुमची गाडी एवढं हसवणार आहे का? बघायचं काम आम्ही करतो. ह्यांनी सांगावं."

"पण पुढे डोळस माणूस हवंच," मॅनेजर अडून बसले.

शेजारीण स्टुलावरून उतरली. "मी जाते पुढे. रोज जाईन. चाळीस वर्षं इथे राहतेय, मला काय वाट माहीत नाही होय?"

मॅनेजरांनी तिच्याकडे बघितलं, धन्याकडे बघितलं. "मग राहू द्या गाडी. चला, मला खरी तोफ दाखवा."

आता मी म्हातारा झालोय. पाठीवर चार बाटल्या असतात, बस्स. पण फेरी रोज निघते. कधी आलात तर सावकाश चाला, धन्याला प्रश्न विचारा, त्याला आवडतं. आणि मला काही खायला घालायचं असेल तर आधी त्याचा वास घेऊन बघा, एवढीच विनंती.

बाकी त्या दिवशी निघताना शेजारणीने माझी दोरी धरली, मागे वळून सगळे लांब आहेत ना ते बघितलं, आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "हे बघ, घर आणि बाजार सोडून मी कुठे म्हणून गेले नाहीये. तोफ कुठे, जहाज कुठे, मला काही ठाऊक नाही. भावजींना सांगू नकोस. तू आपला थांबत जा, मी हात करत जाईन."