पुठ्ठ्यामागची खिडकी

"हिला कधी बंद करून टाकू नका हं," मला भिंतीत बसवणारा सुतार जाताना बजावून गेला, तेव्हा मी मनातल्या मनात नाक मुरडलं होतं. बाथरूमच्या खिडकीची कसली एवढी काळजी! खिडकी म्हणावी ती बैठकीतली. तिला रस्ता दिसतो, पडदे मिळतात. माझ्या वाट्याला वाफ आणि साबणाचे शिंतोडे.

मित्रांनो, मी एक जुनी, दुधी काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी आहे. कारखान्यात माझी काच मुद्दाम खरखरीत केली, म्हणजे आरपार काही दिसू नये. पट्ट्या उघडल्या की फटींमधून जेवढं दिसेल तेवढंच माझं जग.

घर शिवणकाकूंचं. त्या लोकांचे कपडे शिवायच्या, म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणत. त्यांचे यजमान दाढी करताना बेसूर गायचे. मुलगी आत शिरली की बाहेर यायचं नावच घेत नसे. "अगं ए, टाकी रिकामी करतेस की काय?" असा काकूंचा ओरडा रोजचाच. मी सगळ्यांची वाफ निमूटपणे बाहेर सोडायची. एकदा काकू म्हणाल्या, "ही खिडकी आहे म्हणून भिंतींना बुरशी नाही." ते कौतुक मी फार दिवस पुरवून वापरलं.

मग मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. यजमान वारले. पेल्यात एकच टूथब्रश उरला. काकूंचे गुडघे धरू लागले आणि माझ्यातून येणारा वारा त्यांना सोसेना. त्यांनी शिलाई मशीनच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि आतून माझ्यावर चिकटपट्टीनं घट्ट बसवला. रागानं नाही हो, थंडीनं. पण तेव्हापासून मला काकू दिसेनाशा झाल्या, नुसत्या ऐकू यायच्या. नळाचं पाणी, बादलीचा आवाज, उठताना "आई गं". बोलायला कुणी नसलं की माणूस बादलीशीही बोलतं. "चल बाई, सरक जरा," त्या तिला म्हणायच्या. मला कुणी काही म्हणत नसे.

एके दिवशी आत जोरजोरात घासण्याचा आवाज सुरू झाला. मुलगी येणार होती, सोबत रांगणारी नात. वास बाहेर जाऊ नये म्हणून काकूंनी दारही लावून घेतलं होतं. तेवढ्यात मुलीचा फोन आला. त्यांनी तो स्पीकरवर ठेवला.

"काय चाललंय, आई?"

"फरशी घासतेय. तुझी राजकन्या रांगणार ना इथं." काकू खोकल्या.

"खोकतेस का?"

"अगं, उग्र असतंच ते. ब्लीच टाकलं, तरी डाग हलेना मेला. मग संडासाचं अ‍ॅसिड ओतलं वरून. दोन्ही मिळून..." पुढचं वाक्य खोकल्यात गेलं.

"आई! ब्रश टाक. बाहेर हो!"

"एवढा कोपरा राहिलाय गं."

"कोपरा गेला खड्ड्यात! खिडकी उघडी आहे ना?"

"पुठ्ठा लावलाय तिला. थांब, काढते."

काकूंची नखं पुठ्ठ्याच्या कडेवर खरवडली. मीही आतुर झाले होते, मित्रांनो. किती दिवसांनी कुणी मला हात लावत होतं!

"नको!" मुलगी किंचाळली. "खिडकी राहू दे. तू बाहेर ये, दार ओढून घे, थेट रस्त्यावर जा. आत्ता!"

ती बरोबर बोलली; पुठ्ठा निघेपर्यंत काकूंना त्या वासातच थांबावं लागलं असतं. नखं थांबली, दार आपटलं. मग फक्त तो वास राहिला आणि मी. काकू जिन्यापर्यंत पोचल्या की मध्येच कोसळल्या, मला कळायला मार्ग नव्हता.

बऱ्याच वेळानं अग्निशमन दलाची, तोंडावर वायुरोधक मुखवटे चढवलेली दोन माणसं आली. एकानं पुठ्ठा टरकन फाडला, माझ्या पट्ट्या सताड उघडल्या. घरात वारा आला, पण माणूस नव्हतं. रिकाम्या घरात नळ ठिबकताना ऐकणं किती जड जातं, हे मी त्या दिवसांत शिकले.

काकू परतल्या त्या मुलीचा हात धरून, दवाखान्यातून. श्वास अजून भात्यासारखा वाजत होता. मुलगी दारातच उभं राहून त्यांना समजावत होती, "ब्लीचमध्ये क्लोरीन बांधलेला असतो, आई. अ‍ॅसिड ती गाठ सोडतं, आणि सुटतो तो विषारी वायू. हवेपेक्षा जड, म्हणून खाली साचतो. आणि तू गुडघ्यांवर बसून, तोंड फरशीजवळ!"

"दोन्ही बाटल्या चांगल्या कंपनीच्या होत्या गं," काकू पुटपुटल्या.

"एकेकट्या चांगल्या. एका वेळी एकच वापरायची, तीही लेबल वाचून, खिडकी उघडी ठेवून. ब्लीचमध्ये व्हिनेगर नको, अमोनियावालं काच पुसायचं पाणीही नको. साधं पाणी सोडून काहीच नको. आणि झाकणं घट्ट लावून वरच्या फळीवर, नातीचा हात पोचणार नाही तिथं."

"बरं बाई, मास्तरीणबाई," काकू म्हणाल्या आणि दोघी हसल्या. मुलीच्या कडेवरची नात मात्र माझ्याकडे बोट दाखवत होती.

आता दोघी नातीला घेऊन मुलीच्या गावी गेल्या आहेत. मी उघडीच आहे. माझ्या फटींमधून समोरच्या इमारतीतली माझ्यासारखीच एक खिडकी दिसते. तिथं एक आजोबा एकटेच राहतात. काल त्यांनी खिडकीत दोन बाटल्या आणून ठेवल्या, ब्लीचची आणि अ‍ॅसिडची, शेजारी शेजारी. मग हात आत गेला, बाटल्याही गेल्या आणि खिडकी लागली. आज त्यांचा नळ वाजलेला नाही.

मला हाक मारता येत नाही. मित्रांनो, एकटे जाऊ नका, घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. दुसरा मजला, डावीकडचं दार. जरा बघून येता का?