बुधवारची वही

वेरोना हुडाकने पत्रिका दोनदा वाचली आणि वेन ट्रॉटनरच्या नावाने कडाकडा बोटं मोडली. बापाने उभी केलेली सतरा दुकानं या मेल्याने पाच वर्षांत घालवली. शेवटच्या दुकानाला मार्चमध्ये टाळं लागलं, आणि आता सप्टेंबरात चर्चच्या तळघरात प्रदर्शन मांडतोय, 'ट्रॉटनर : आपल्या खोऱ्याचं स्वस्त दुकान'. एवढंही तिने सोसलं असतं. पण खाली बारीक अक्षरात छापलं होतं, 'खास आकर्षण : श्रीमती हुडाक यांच्या हस्ताक्षरातल्या किमतींच्या वह्या.'

त्या वह्यांच्या प्रत्येक पानावर, वरच्या कोपऱ्यात एकच नाव होतं. साबोल. म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचं, ओल्गाचं दुकान.

गोष्ट साठ सालची. म्हाताऱ्या ट्रॉटनरने हायवेवरची ट्रामची जुनी शेड विकत घेतली, टेबलांवर मालाचे ढीग ओतले आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, गाडी ढकला, हवं ते उचला. चोवीस वर्षांची वेरोना तिथे लागली आणि दुसऱ्या वर्षी तिला खास काम मिळालं. गावातली सगळी दुकानं बुधवारी दुपारी बाराला बंद व्हायची, तशी रीतच होती. उघडा असायचा तो एकटा ट्रॉटनर. बंद दुकानात कोण कुणाला हटकणार? साडेबाराला वेरोना मागच्या दाराने बहिणीकडे जायची, कॉफी प्यायची, अक्रोडाच्या रोलचे दोन तुकडे खायची आणि हात धुवायच्या निमित्ताने फळ्यांमधून चक्कर मारायची. बादल्या, कंदील, टोमॅटो भरून ठेवायच्या काचेच्या बरण्या. सगळ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायच्या, वहीत उतरवायच्या. गुरुवारी सकाळी ट्रॉटनरकडे तोच माल पाच सेंटांनी स्वस्त. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच, आणि ते तिला तेव्हाही कळत होतं. पण पगार वाढला होता.

चौसष्ट साली साबोलांचं दुकान बसलं. ओल्गाचा नवरा स्टेफान पंचेचाळिसाव्या वर्षी पोलाद कारखान्यात कोळशाच्या भट्टीवर गेला आणि नऊ वर्षांत छातीने संपला. मातीला वेरोना सगळ्यात मागे उभी राहिली होती. तेव्हापासून दोघी बहिणींमध्ये उरलं होतं ते नाताळचं कार्ड आणि चर्चमध्ये मान हलवणं. ओल्गाला कधी कळलं तर, या एका धास्तीने वेरोनाने तिच्या घराची पायरी चढायचंच सोडलं होतं.

म्हणून शनिवारी ती मोठी पर्स घेऊन तासभर आधीच तळघरात पोचली. वह्या पर्समध्ये टाकायच्या आणि चालू पडायचं, वेनने बसावं बोंबलत.

पण ओल्गा तिच्याही आधी आली होती. रोलचा ट्रे टेबलावर ठेवून, नाकावर चष्मा चढवून काचेच्या पेटीपाशी उभी होती. पेटीत वही उघडी होती.

"ये," ओल्गा मागे न वळता म्हणाली. "अक्षर बाकी छान होतं तुझं."

वेरोना उघडी पर्स हातात घेऊन जागीच थांबली. "ओल्गा, हे म्हणजे... नोकरीचं काम होतं गं."

"हो तर. आणि कॉफी पण नोकरीतच प्यायचीस."

"तुला कधी कळलं?"

"तिसऱ्या बुधवारी. केस कापून बॉब केला होता मी. सगळी गल्ली बोलली, तू बोलली नाहीस. तुझं लक्ष फळ्यांकडे." ओल्गाने काचेवर बोट ठेवलं. "हे वाच. बासष्टचा ऑगस्ट. बरण्या, डझनाला एकोणनव्वद सेंट. मलाच एक डॉलर दहा सेंटला पडायच्या त्या."

वेरोना काचेवर वाकली.

"बाराला दार लावायचं आणि चिठ्ठ्या बदलायच्या. तू गेलीस की परत खऱ्या लावायच्या," ओल्गा म्हणाली. "स्टेफान शिडी धरायचा. म्हटलं, म्हातारा हट्टी आहे, माझ्यापेक्षा पाच सेंट खाली जाणारच. बुडू दे त्याला. हिवाळ्यापर्यंत दिवाळं वाजेल. तू एकदा जरी माझ्याकडून डझनभर विकत घेतल्या असत्यास ना, तरी तुला कळलं असतं. पण तुला तिकडे नोकरांची सूट."

भिंतीवर पेटीच्या वरच वेनने मोठा फलक लावला होता. 'ऑगस्ट १९६२, बरण्यांचा आठवडा. स्वतः तोटा सोसून गृहिणींना चौऱ्याऐंशी सेंटांत डझन. तीन जिल्ह्यांतून गर्दी. इथेच आमच्या सतरा दुकानांचा पाया पडला.'

ओल्गाने तो मोठ्याने वाचला, एकेक शब्द. "बरण्यांना म्हणून आले मेले, आणि पडद्यांपासून बुटांपर्यंत सगळं तिथूनच घेऊन गेले. माझ्याच हाताने घातला मी पाया. स्टेफानने शिडी धरून."

आता वेरोनाला राग आला. तेहतीस वर्षं चोरासारखी तोंड लपवत फिरले ती कशासाठी? "म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं, आणि तू मला समोर बसवून रोल खाऊ घालत होतीस? खोटं लिहून नेत होते मी, आणि तू मजा बघत होतीस?"

"मजा?" ओल्गाने चष्मा काढला. तिचा आवाज चढला नाही. "जवळजवळ शंभर बुधवार कॉफी ठेवली मी. दर वेळी वाटायचं, आज सांगेल. आज तरी सांगेल. 'ओल्गा, मी किमती लिहून नेते,' एवढंच. तू सांगितलं असतंस तर त्याच दुपारी खऱ्या चिठ्ठ्या तुझ्यासमोर लावल्या असत्या, आणि म्हाताऱ्यावर दोघी मिळून हसलो असतो."

जिन्यावर पावलं वाजली. लोक यायला लागले होते. वेन टाय सावरत पुढे आला. "मिसेस हुडाक, आलात. बरण्यांच्या आठवड्याबद्दल चार शब्द बोलायचे बरं का. तुमच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार?"

वेरोनाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पर्स तिच्या हातात तशीच उघडी होती. ती बहिणीकडे बघून म्हणाली, "ओल्गा, मी किमती लिहून नेत होते. तुझ्या दुकानातून. दर बुधवारी."

"आज शनिवार आहे, वेरोना," ओल्गा म्हणाली.

मग तिने ट्रे उचलला आणि एकेकाला रोल देत फिरली. वेनला दिला, पाद्रीबाबांना दिला, ट्रॉटनरच्या जुन्या कॅशियर बायकांना दोन दोन दिले. पेटीपाशी, वेरोनाकडे, मात्र ती परत आली नाही.